‘अर्ज अंडररायटिंगमध्ये आहे’: मेडिगॅपच्या थांब्याची कुळकथा

अमेरिकेतला सत्तरीचा माणूस मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याला जोड म्हणून घ्यायची, खासगी पॉलिसी बदलायला निघाला की एजंट सांगतो, ‘अर्ज अंडररायटिंगमध्ये आहे.’ म्हणजे त्याच्या तब्येतीची चौकशी करून पॉलिसी द्यायची की नाही, हे कंपनी ठरवते आहे. कधी काही दिवसांत उत्तर येतं, कधी कित्येक आठवडे लागतात.

हा थांबा मेडिकेअरपेक्षा फार जुना आहे. लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने १७६२ पासून आयुर्विमा देताना अर्जदारालाच संचालकांसमोर बोलावलं, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. अमेरिकेत १९०२ मध्ये विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी एक सामाईक कार्यालय काढलं. एका कंपनीला कळलेलं दुखणं सांकेतिक खुणांनी दुसरीलाही कळावं, हा त्याचा उद्देश. ते एमआयबी आजही चालू आहे.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली. पण डॉक्टरांच्या बिलातला २० टक्के वाटा रुग्णाकडेच राहिला, आणि मूळ मेडिकेअरमध्ये त्याला आजही कमाल मर्यादा नाही. ही फट बुजवायला खासगी कंपन्या आल्या. सत्तरच्या दशकात त्यांच्या एजंटांनी एकेका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात तेच ते देणाऱ्या अनेक पॉलिस्या मारल्या. काँग्रेसमध्ये क्लॉड पेपर यांच्या समितीने हे चव्हाट्यावर आणलं. १९८० चा कायदा ऐच्छिक होता, त्यामुळे तोकडा पडला. खरा बदल १९९० च्या कायद्याने झाला. पॉलिस्यांचे ठरावीक साचे झाले. आणि पासष्टी गाठून पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग, सुरू झाल्यापासूनच्या ६ महिन्यांत तब्येतीच्या कारणावरून अर्ज नाकारायचा नाही, हप्ताही वाढवायचा नाही, असं बंधन आलं.

ते ६ महिने सरले की बहुतेक राज्यांत, मोजके अपवाद सोडले तर, जुनी चौकशी सुरू होते. फोनवर मुलाखत होते, औषधांच्या नोंदी आणि एमआयबीच्या खुणा पाहिल्या जातात. वेळ खरा जातो तो पुढे. एकच गोळी दोन-तीन दुखण्यांवर चालते. ती नेमकी कशासाठी होती हे डॉक्टरांच्या कागदांवरूनच कळतं, आणि ते कागद दवाखान्यातून येईपर्यंत अर्ज जागचा हलत नाही.

ओबामांच्या २०१० च्या कायद्याने २०१४ पासून पासष्टीच्या आतल्यांच्या आरोग्यविम्यात जुन्या आजारावरून नकार देणं बंद केलं. मेडिगॅप त्यातून वगळला गेला. आजारी पडल्यावरच सगळे पॉलिसी घेतील, या कंपन्यांच्या भीतीत तथ्य आहे. तरीही ज्या वयात दुखणी येणारच, त्याच वयात ही चाळणी लावणं मला अन्यायाचं वाटतं. न्यूयॉर्क आणि कनेटिकटने दार वर्षभर उघडं ठेवलंय, आणि तिथेही पॉलिस्या विकल्या जातातच.

१९६५ सालीच अमेरिकेचा स्थलांतराचा कायदाही बदलला आणि मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची वाट मोकळी झाली. ती पिढी आता या वयात आहे. तुमचे काका-मावशी तिकडे असतील आणि पासष्टीला टेकले असतील, तर त्यांना आजच फोन करा. पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे ६ महिने दवडू नका, म्हणावं. पॉलिसी नंतर बदलायची असेल, तर नवीची लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत जुनी रद्द करू नका.