गैरहजर नागरिकाचे मत : सावदा व खानदेशातील नगरपालिका मताधिकाराचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासलेखनात मताधिकाराचा विचार प्रामुख्याने 'मत कोणाला मिळाले' या प्रश्नाभोवती झालेला आहे. करदात्यांपुरता मर्यादित असलेला हक्क सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांपर्यंत कसा पोहोचला, हा त्या लेखनाचा मुख्य धागा होय. परंतु मिळालेला हक्क बजावण्यासाठी नागरिकाने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित असले पाहिजे, ही अट कशी निर्माण झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातील सावदा हे नगरपालिकेचे गाव नजरेसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, वसाहतकाळात पालिकेचे मत मिळकतीला व कराला जोडलेले होते. स्वातंत्र्योत्तर काळात ते वास्तव्याला जोडले गेले. हा बदल निःसंशय पुरोगामी होता. मात्र वास्तव्याचा अर्थ मतदानाच्या दिवसापुरता 'हजेरी' असा झाल्यामुळे, पोटासाठी गाव सोडणारा नागरिक यादीत राहूनही निवडणुकीबाहेर पडला.

सावदा : गाव व पालिका

सावदा हे तापी खोऱ्यातील जुने बाजाराचे गाव आहे. निजामाकडून १७६३ मध्ये ते पेशव्यांकडे आले व पुढे सरदार रास्ते यांच्याकडे गेले. १८५२ मध्ये महसुली मोजणीच्या प्रश्नावर येथे मोठा असंतोष उसळला. दहा ते पंधरा हजार लोक एकत्र जमले आणि पायदळाची तुकडी येऊन पुढाऱ्यांना पकडीपर्यंत जमाव हटला नाही, अशी नोंद सरकारी गॅझेटियरमध्ये आढळते. मतपेटी अस्तित्वात येण्यापूर्वी रयतेला आपले म्हणणे मांडण्याचा हाच एक मार्ग होता : देहाने हजर राहणे.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावदा हे तालुकाविभागाचे नाव म्हणून येते. पुढे तो मान रावेरकडे गेला. परंतु रेल्वेचे स्थानक, गुरांचा व धान्याचा आठवडे बाजार आणि नंतरच्या काळात केळीचा व्यापार यांमुळे गावाचे महत्त्व टिकून राहिले. १८८३ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८ मे १८८२ चा आहे. म्हणजे सावद्याची पालिका ही रिपनच्या धोरणाची जवळजवळ समवयस्क होय.

मिळकतीचा मताधिकार

१८८४ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने पालिकेचे किमान निम्मे सभासद लोकनियुक्त असावेत असे तत्त्व स्वीकारले. १९०१ च्या कायद्याने ही रचना अधिक व्यवस्थित केली आणि लहान पालिकांचा कारभार दीर्घकाळ याच कायद्याखाली चालला. मोठ्या शहरांसाठी १९२५ चा नगर-बरो कायदा आला.

या कायद्यांतील मतदार हा मुख्यतः करदाता होता. त्याच्या जोडीला पदवीधर, वकील, मानद दंडाधिकारी अशा शिक्षणाने वा पदाने प्रतिष्ठित व्यक्तींनाही मताचा हक्क होता. शेतमजूर, हमाल, कूळ म्हणून राहणारा कारागीर आणि बहुसंख्य स्त्रिया या वर्तुळाबाहेर होत्या. गावात बारमाही राहणाऱ्या, गावाची गटारे काढणाऱ्या माणसाला गावाच्या कारभारात मत नव्हते. उलट ज्याची मिळकत गावात आहे त्याचा पालिकेशी असलेला संबंध कराच्या पावतीने सिद्ध होत असे. त्याचा बहुतेक काळ मुंबईच्या पेढीवर जातो की जळगावच्या कचेरीत, हा प्रश्न दुय्यम होता. या व्यवस्थेत गैरहजेरी ही संपन्न माणसाची सोय होती व त्यामुळे हक्काला बाध येत नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

प्रौढ मताधिकार आणि 'रहिवासी' ही कल्पना

सावद्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची मागणी या अधिवेशनाने ठामपणे मांडली. त्यानंतर काही आठवड्यांतच १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक निवडणुका झाल्या. त्या मात्र मर्यादित मताधिकारावरच. अधिवेशनाच्या मंडपात गर्दी करणाऱ्या कित्येकांना त्या निवडणुकीत मत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ही विसंगती दूर झाली. मुंबई महानगरपालिकेची १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली व पुढे इतर पालिकांतही हेच तत्त्व रूढ झाले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या तिन्ही विभागांतील वेगवेगळे जुने कायदे रद्द करून एकच व्यवस्था आणली. पालिकेची मतदारयादी स्वतंत्रपणे न करता विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार तयार करावी, हे तत्त्व त्यात आहे.

विधानसभेची यादी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तयार होते व त्या कायद्याचे २० वे कलम येथे फार बोलके आहे. केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे, एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे ते सांगते. म्हणजे १९०१ च्या मिळकतदार मतदाराचा पायाच येथे काढून घेतला आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, तात्पुरता बाहेरगावी गेलेला माणूस केवळ त्या कारणाने रहिवासी असणे थांबत नाही. म्हणजे हंगामी स्थलांतर करणाऱ्याचे गावाशी नाते कायद्याने मान्य केले आहे. त्याचे नाव यादीतून काढता येत नाही. तथापि ते नाते मतपेटीपर्यंत नेण्याची वाट मात्र कायद्याने बांधून दिली नाही.

गैरहजर मतदाराच्या सवलती : दोन पातळ्या

लोकसभा व विधानसभा यांच्यासाठी गैरहजर मतदारांची तरतूद क्रमाक्रमाने विस्तारत गेली. १९६१ च्या निवडणूक नियमांनी सेनादलातील मतदार, निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी व प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती यांना टपाली मतपत्रिका दिली. २००३ मध्ये सैनिकांना आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. २०१९ मध्ये ८० वर्षांवरील नागरिक व दिव्यांग मतदार यांना घरून मत देण्याची सोय झाली. २०२४ मध्ये वयाची ही मर्यादा ८५ करण्यात आली. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पुढे आणला व जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांसमोर मांडला; परंतु पक्षांच्या आक्षेपांमुळे तो पुढे सरकला नाही.

या सवलती केंद्रीय कायद्यातील आहेत. त्या पालिकेच्या निवडणुकीला आपोआप लागू होत नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९३) पालिकांच्या निवडणुकांचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले आणि महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये अस्तित्वात आला. नगरपालिकांच्या निवडणुका राज्याचा अधिनियम व त्याखालील १९६६ चे निवडणूक नियम यांनुसार होतात. या पातळीवर टपाली मतपत्रिकेचा ठळक लाभार्थी म्हणजे निवडणूक कर्तव्यावर नेमलेला कर्मचारी होय. शासनाने ज्याला कामासाठी दुसऱ्या केंद्रावर पाठविले त्याचे मत वाया जाऊ नये, हा त्यामागील न्याय योग्यच आहे. परंतु दारिद्र्याने ज्याला दुसऱ्या राज्यात पाठविले त्याच्यासाठी असा न्याय नाही.

खानदेशातील स्थलांतर व निवडणुकीचे पंचांग

खानदेशातून कामासाठी बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे. सुरतच्या उधना-लिंबायत भागातील खानदेशी वस्ती सर्वश्रुत आहे. धुळे-नंदुरबार भागातून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे जीवन यान ब्रेमन यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने बार्डोली परिसरात राहून अभ्यासले आहे. सावद्यासारख्या केळीच्या गावात मालमोटारींचे चालक, उत्तरेच्या बाजारपेठांकडे जाणारे व्यापारी व त्यांचे मदतनीस, तसेच जळगाव-पुण्याकडे शिकणारे तरुण यांची यात भर पडते.

ऊसतोडीचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व एप्रिल-मेपर्यंत चालतो. आता नगरपालिकांच्या अलीकडच्या निवडणुकांकडे पाहावे. २०११ ची निवडणूक डिसेंबरमध्ये झाली. २०१६ मध्ये पहिल्या टप्प्याचे मतदान २७ नोव्हेंबरला झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळे त्यानंतरची निवडणूक लांबत गेली, मुदत संपलेल्या पालिकांवर प्रशासक बसले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. तिन्ही वेळा हंगामी मजूर गावाबाहेर असण्याचाच काळ होता. खानदेशातील लेकी-बाळी व बाहेरगावचे कष्टकरी ज्या सणाला घराकडे वळतात ती आखाजी त्यानंतर चार-पाच महिन्यांनी येते. उमेदवारांची अंतिम यादी निश्चित होते तोवर मजुरांच्या टोळ्या निघून गेलेल्या असल्यामुळे, जाण्यापूर्वी मत देऊन जावे असाही मार्ग उरत नाही.

येथे काळाचे गणितही विचारात घेतले पाहिजे. २०१६ नंतर थेट २०२५ मध्ये निवडणूक झाल्यामुळे, मतदानाच्या त्या एका दिवशी गावाबाहेर असलेल्या माणसाला आपला नगरसेवक निवडण्याची संधी मिळण्यातील अंतर नऊ वर्षांहूनही मोठे झाले. लहान पालिकेत प्रभाग लहान असतात व थोड्या मतांनी निकाल फिरतो. म्हणून ही गैरहजेरी केवळ व्यक्तीची हानी राहत नाही. कोणत्या वस्तीत नळ व दिवे आधी येतील, याचाही निर्णय तिच्यावर अवलंबून राहतो.

रिकामी जागा कोण भरतो?

नियमांनी मोकळी ठेवलेली जागा व्यवहारात मोकळी राहत नाही. बाहेरगावचे मतदार 'आणणे' हा आपल्याकडील पालिका निवडणुकीचा परिचित भाग आहे. गाडी, जाण्या-येण्याचा खर्च व बुडालेली मजुरी यांची व्यवस्था उमेदवाराकडून होते. मतदारांची फुकट ने-आण करणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभा-विधानसभेच्या संदर्भात भ्रष्ट आचार ठरविला आहे, हे येथे स्मरावे. महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेली मतदानाची सुटी सुरतच्या मागावर काम करणाऱ्याला मिळतेच असे नाही. अशा स्थितीत आपला खर्च करू शकणारा उमेदवार हाच मजुराला गावाशी जोडणारा दुवा बनतो. घटनेने दिलेला हक्क मजुराच्या पदरात उपकार म्हणून पडतो, आणि उपकाराची परतफेड कोणत्या चिन्हावर करावयाची हे सांगावे लागत नाही.

आक्षेप व अनुभव

गैरहजर मतदानाविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने मागेल त्याला टपाली मत ही सोय स्थानिक निवडणुकांतही मिळाली. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पालिका निवडणुकीत टपाली मतपत्रिकांचा मोठा गैरप्रकार झाला आणि २००५ मध्ये दोन प्रभागांच्या निवडणुका रद्द ठरविण्यात आल्या. मतपत्रिका घरात आली की तिची गुप्तता कुटुंबप्रमुख वा मुकादम यांच्या मर्जीवर राहते, ही भीती आपल्या समाजातही निराधार नाही. दुसरा आक्षेप दुबार नोंदणीचा. २०२५ च्या निवडणुकीत राज्य आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापण्याची पद्धत अवलंबिली. सुरतेतही नाव व सावद्यातही नाव, असे होणार नाही याची हमी कोणत्याही सवलतीआधी हवीच.

तथापि अन्य राज्यांनी स्थानिक पातळीवर प्रयोग केले आहेत. गुजरातने २०१० मध्ये महानगरपालिका निवडणुकांत संगणकाद्वारे मतदानाचा पर्याय दिला. केरळने डिसेंबर २०२० च्या स्थानिक निवडणुकांत कोविडग्रस्त व विलगीकरणातील मतदारांसाठी खास टपाली मतपत्रिका काढली. बिहारच्या राज्य आयोगाने २८ जून २०२५ रोजी काही नगर संस्थांच्या निवडणुकीत वृद्ध, दिव्यांग, गर्भवती व स्थलांतरित मतदारांसाठी मोबाईलवरून मतदानाची सोय केली. हे प्रयोग निर्दोष होते असे म्हणता येणार नाही. परंतु केंद्राची वाट न पाहता राज्याला आपल्या पालिकांसाठी वेगळी तरतूद करता येते, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

निष्कर्ष

१) पालिकेच्या मताचा आधार मिळकतीकडून वास्तव्याकडे सरकला, मात्र वास्तव्याची कायद्यातील उदार व्याख्या मतदानाच्या प्रक्रियेत उतरली नाही.

२) जुन्या व्यवस्थेत संपन्नांची गैरहजेरी हक्काला बाधक नव्हती, आजच्या व्यवस्थेत गरिबांची गैरहजेरी बाधक ठरते. भार एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेला आहे.

३) बर्मिंगहॅमचा अनुभव पाहता घरपोच मतपत्रिकेपेक्षा, अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील सुविधा केंद्रात, अर्ज व ओळख तपासून मतदान घेणे अधिक सुरक्षित ठरेल. रुग्ण, अतिवृद्ध व नोंदणीकृत हंगामी मजूर यांच्यापासून आरंभ करता येईल.

४) कोणताही नवा खर्च वा यंत्र न लागणारा उपाय म्हणजे निवडणुकीचे पंचांग बदलणे. खानदेशात आखाजीनंतरचा काळ उन्हाचा आहे खरा. परंतु त्या काळात माणूस घरी असतो.

१८५२ मध्ये सावद्यात जमलेल्या हजारो रयतेला मत नव्हते, पण ती हजर होती. आज तिच्या वारसांना मत आहे. त्यांतील अनेकांना त्या एका दिवशी हजर राहणे परवडत नाही. स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकांनी व नियमकर्त्यांनी या अंतराची दखल घ्यावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.