कफालत आणि काउन्सिल : परक्या मुलाला घर देण्याचा एक इतिहास

यतीम मुलाच्या डोक्यावरून मायेचा हात फिरवावा, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. रमजानमध्ये यतीमखान्याची पावती फाडणार नाही असे घर मुस्लिम समाजात क्वचितच सापडेल. मात्र 'यतीमखान्याला पैसे देता, तसे एखादे मूल घरी आणाल का?' असे विचारले की बैठकीत शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणते, "इस्लाममध्ये दत्तक नाही." आणि विषय तिथेच संपतो.

हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी आम्ही इथे ब्रिटनचा इतिहास वाचणार आहोत. कोकणातून गेलेली मुस्लिम कुटुंबे आज त्या देशात स्थायिक आहेत. तिथली काउन्सिल, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक स्वराज्य संस्था, लोकांना 'फॉस्टर केअरर' व्हा असे आवाहन करते. फॉस्टर केअरर म्हणजे प्रतिपालक : दुसऱ्याचे मूल आपल्या घरात सांभाळणारा, पण त्याचा मालक न होणारा. ही व्यवस्था आणि आपली कफालत यांचे नाते बहिणी-बहिणींसारखे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मुहंमद पैगंबर (स.) जन्मापूर्वीच पितृछत्राला मुकले. बाळपणी दाई हलिमा यांनी त्यांना दूध पाजले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. म्हणजे आपल्या पैगंबरांचे बरेचसे बालपण प्रतिपालकांच्या घरी गेले. पुढे त्यांनी स्वतः जैद बिन हारिसा यांना मुलासारखे वाढवले. लोक जैद यांना 'मुहंमदचा पुत्र' म्हणू लागले, तेव्हा सूरह अल्‌-अहजाबमध्ये आज्ञा आली की अशा मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्याच्या नावानेच हाक मारा. मनाई झाली ती मुलाची ओळख पुसण्याची. त्याला वाढवण्याची मनाई कुठेच नाही. उलट यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या शेजारी असेल, असे पैगंबरांनी दोन बोटे दाखवून सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. मूल ही अमानत आहे. त्याचा वंश, त्याचे नाव, त्याची मालमत्ता त्याचीच. आपण फक्त राखणदार. यालाच कफालत म्हणतात.

आता ब्रिटनकडे वळू. एकोणिसाव्या शतकात तिथली अनाथ मुले वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी दरिद्रीगृहात, वाढत. १८७० साली गरिबांसाठीच्या कायद्याखाली एक आदेश निघाला आणि अनाथ व टाकून दिलेल्या मुलांना गावातल्या साध्या कुटुंबांत ठेवण्याची रीत बांधली गेली. कुटुंबाला आठवड्याचा खर्च मिळे, आणि गावातल्या प्रतिष्ठितांची समिती देखरेख करी. मुलाचा धर्म आणि घराचा धर्म एक असावा, ही अटही त्याच काळची. त्या वेळी वाद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात होता. पण मुलाच्या धर्माला जपावे हा विचार तेव्हापासून त्या व्यवस्थेत आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

याच काळाची दुसरी बाजू काळी होती. एकरकमी पैसे घेऊन तान्ही मुले 'सांभाळायला' घेणाऱ्या आणि त्यांना मरू देणाऱ्या बायकांचा धंदा लंडनमध्ये चालत असे. मार्गारेट वॉटर्स या बाईला १८७० मध्ये फाशी झाली. त्या प्रकरणाने देश हादरला आणि १८७२ मध्ये तान्ह्या मुलांच्या रक्षणाचा पहिला कायदा आला. परक्या मुलाला घरात घेणाऱ्याकडे राज्याने लक्ष ठेवले पाहिजे, हे सूत्र असे मुलांच्या प्रेतांवरून शिकले गेले.

तरी धडा पुरता गिरवला गेला नाही. त्याची साक्ष डेनिस ओ'नील हे नाव देते. वेल्समधील न्यूपोर्टच्या काउन्सिलने डेनिस आणि त्याच्या भावांना ताब्यात घेतले होते. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिसला श्रॉपशायरमधील एका शेतावर ठेवले गेले, मागाहून धाकटा टेरेन्सही तिथे गेला. मुले न्यूपोर्टची आणि शेत दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत. लक्ष कुणी ठेवायचे यावर दोन्ही कचेऱ्यांत गोंधळ राहिला. डिसेंबरमध्ये न्यूपोर्टच्या एका महिला कर्मचाऱ्याने भेट दिली आणि मुलांना तिथून हलवावे असे कळवले. कागद फिरत राहिले. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस उपासमारीने आणि मारहाणीने मेला. तो तेरा वर्षांचाही नव्हता. शेतकऱ्याला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीने दोष फक्त त्या घराचा नाही, निष्काळजी देखरेखीचाही आहे, हे मांडले. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकामागे हीच घटना आहे. ते नाटक १९५२ पासून लंडनमध्ये लोक पाहत आले, पण त्यामागचा मुलगा किती जणांना ठाऊक असेल?

युद्धाने आणखी एक गोष्ट उघडी केली होती. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या दिवसांत बाँबहल्ल्यांच्या भीतीने मुले, माता मिळून सुमारे पंधरा लाख लोक शहरांतून गावांकडे हलवले गेले. आईबापांपासून तुटलेले मूल पोटभर खाऊनही कसे कोमेजते, हे एका अख्ख्या देशाने पाहिले. मायरा कर्टिस यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला की मुलाला मोठ्या वसतिगृहापेक्षा चांगले घर बरे, आणि त्याची जबाबदारी एका ठरलेल्या अधिकाऱ्यावर हवी. १९४८ च्या बालक कायद्याने प्रत्येक मोठ्या काउन्सिलला बालविभाग आणि बाल-अधिकारी नेमायला लावले. आजची काउन्सिलची प्रतिपालक-व्यवस्था तिथून सुरू होते.

रक्ताचे नाते म्हणजे सुरक्षितता, असे आपण सहज धरून चालतो. मारिया कोलवेलची हकीकत याला छेद देते. ही मुलगी काउन्सिलच्या व्यवस्थेखाली आत्याच्या घरी सुखात होती. १९७१ मध्ये तिला आईकडे परत पाठवले गेले. जानेवारी १९७३ मध्ये, सात वर्षांची असताना, सावत्र बापाच्या मारहाणीत ती गेली. त्यानंतर १९७५ च्या कायद्यात मुलाच्या हिताला आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेला अधिक वजन मिळाले.

१९८९ हे वर्ष आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये नवा बालक कायदा मंजूर झाला. मुलाबद्दल निर्णय घेताना त्याचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा विचारात घेतलीच पाहिजे असे त्याने काउन्सिलला बजावले. न्यायालयाने मूल काउन्सिलच्या ताब्यात दिले तरी काउन्सिलला त्याचा धर्म बदलता येत नाही, हेही त्यात आहे. चारच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता स्वीकारली. तिच्या विसाव्या कलमात घर हरवलेल्या मुलासाठीचे मार्ग मोजले आहेत. त्यांत प्रतिपालकत्व आहे, दत्तक आहे, आणि त्यांच्या बरोबरीने 'इस्लामी कायद्यातील कफालत' हा शब्दही आहे. आपल्या परंपरेला जगाने एवढ्या मानाने जागा दिली आणि आपल्या वस्तीत त्याची खबरही नाही!

काउन्सिलचा प्रतिपालक होतो कसा? इंग्लंडमध्ये २०११ च्या नियमावलीने घालून दिलेली वाट अशी. अर्ज केल्यावर पोलिसांकडील नोंदी तपासल्या जातात, डॉक्टरचा दाखला लागतो, ओळखीच्या माणसांचे अभिप्राय घेतले जातात. प्रशिक्षण होते. समाजसेविका महिनोन्‌महिने घरी येते, नवरा-बायकोचे बालपण, भांडणे, पैसा, धर्म, शेजारी, सगळे विचारते. मुलासाठी सहसा वेगळी खोली लागते. मग तिचा अहवाल एका मंडळापुढे जातो, मंडळ शिफारस करते आणि संस्थेचा अधिकारी निर्णय देतो. लग्न झालेले असावे, स्वतःचे घर असावे, अशी अट नाही. मुलाच्या खर्चासाठी भत्ता मिळतो. मूल जन्मदात्यांना ठरल्याप्रमाणे भेटते, आणि घरी परतण्याजोगी स्थिती झाली की परतते. नाव बदलत नाही, वंश बदलत नाही.

आपल्या लोकांना ही चौकशी अपमानाची वाटते. 'आम्ही पुण्य करायला निघालो आणि तुम्ही आमची कपाटे उघडता?' पण डेनिसची गोष्ट आठवावी. ते प्रश्न मुलाच्या वतीने विचारले जातात. अमानत सोपवणाऱ्याने राखणदाराला पारखू नये, असे कोणती शरीयत सांगते?

शरीयतचे म्हणून जे प्रश्न खरेच येतात, ते टाळूनही चालणार नाही. मूल वयात आले की महरम नसल्यामुळे पडद्याचा आणि एकांताचा प्रश्न येतो. दोन वर्षांच्या आत दूध पाजले तर नाते जुळते. हनफींच्या मते एकदा पाजणेही पुरते, आणि कोकणी मुसलमान ज्यांना मानतात त्या शाफईंच्या मते पाच वेळा पाजावे लागते. पण काउन्सिलकडून येणारे मूल बहुधा त्या वयापुढचे असते. तेव्हा उपाय घरातल्या शिस्तीचा : वेगळी खोली, दारावर टकटक, अंगभर कपडे. काउन्सिलचे नियमही जवळपास हेच सांगतात. वारशाचा हक्क मिळत नसला तरी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. अडचणी आहेत, पण वाट बंद नाही.

पूर्वग्रहाचा काटाही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधील एका पाच वर्षांच्या ख्रिस्ती मुलीला मुस्लिम प्रतिपालकांकडे ठेवल्याबद्दल 'द टाइम्स'ने मोठा गदारोळ उठवला. न्यायालयाचा आदेश प्रसिद्ध झाला तेव्हा चित्र वेगळे निघाले. मुलीच्या आजीची तपासणी पूर्ण झाल्याने तिला आजीकडे दिले जात होते, आणि आजी स्वतः मुस्लिम पार्श्वभूमीची होती. न्यायालयाच्या निर्णयाची बातमी विपर्यस्त दिल्याचा ठपका वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेने २०१८ मध्ये त्या पत्रावर ठेवला. ठपक्याची बातमी मात्र पहिल्या बातमीइतकी दूर पोचली नाही.

इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी ८३,६३० मुले काउन्सिलांच्या सांभाळाखाली होती. त्यांतली सुमारे दोनतृतीयांश प्रतिपालकांच्या घरी होती. यांत मुस्लिम मुलेही आहेत. त्यांना ईदची नमाज, हलाल जेवण आणि आपली बोली मिळेल अशी घरे पुढे आली नाहीत, तर कायद्यातला 'धर्म आणि भाषा' हा शब्द कागदावरच राहील.

आपल्या देशातही वाट मोकळी होत आली आहे. १९७२ चे दत्तक विधेयक मुस्लिमांच्या विरोधात अडकले. १९८० च्या विधेयकात मुस्लिमांना वगळले गेले. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, सक्ती मात्र कुणावर नाही, असा निर्णय दिला. ज्यांना दत्तक मान्य नाही त्यांच्यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. म्हणजे ज्या दारातून कफालत आत येऊ शकते, ते दार आपल्या जिल्ह्यातल्या बालकल्याण समितीपाशीच आहे.

यतीमखान्याची पावती जरूर फाडावी. पण पावतीने मुलाचे पोट भरते, रात्री घाबरून उठलेल्या मुलाला कुशीत घ्यायला माणूसच लागतो. 'इस्लाममध्ये दत्तक नाही' हे वाक्य आपण आजवर दार लावून घेण्यासाठी वापरले. त्याचा उरलेला अर्धा भाग आता मोठ्याने म्हणू या : 'पण कफालत आहे.'