बारा चौरस फूट आणि माणसाची संमती : चिनी प्रवासी अधिनियम, १८५५

प्रस्तावना

ब्रिटिश वसाहतींत १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊ लागली आणि मळेवाल्यांपुढे मजुरांचा प्रश्न उभा राहिला. क्यूबामध्ये गुलामगिरी १८८६ पर्यंत टिकून राहिली. तथापि आफ्रिकेतून नवे गुलाम आणणे तेथेही उत्तरोत्तर अवघड होत गेले. या परिस्थितीत करारबद्ध आशियाई मजूर हा पर्याय पुढे आला. १८४२ च्या कायद्यान्वये मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर नेण्यास परवानगी मिळाली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी भाषकांमुळे गिरमिटियांचा इतिहास आपल्या अभ्यासकांना काही अंशी परिचित आहे. त्याच सुमारास दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजांचा इतिहास मात्र मराठीत फारसा चर्चिला गेलेला नाही. या जहाजांवरील प्रवाशांच्या आरोग्यासाठी ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये ‘चिनी प्रवासी अधिनियम’ संमत केला. त्या कायद्याने काय साधले आणि काय साधले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

१८४७ मध्ये ‘ओकेंदो’ हे जहाज चिनी मजुरांना घेऊन हवाना येथे पोहोचले आणि क्यूबाच्या व्यापारास आरंभ झाला. १८७४ पर्यंत सुमारे सव्वा लाख चिनी मजूर क्यूबात उतरले. पेरूकडे जाणारा ओघही मोठा होता. अमॉय (आजचे शियामेन) बंदरात दलालांनी जमविलेली माणसे जहाज निघेपर्यंत बंदिस्त वखारींत कोंडली जात. त्यांच्या छातीवर कॅलिफोर्निया, पेरू किंवा सँडविच बेटे दर्शविणारी अक्षरे रंगविली जात असल्याचे जॉन बाउरिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५२ मध्ये नोंदविले आहे. हेच बाउरिंग पुढे हाँगकाँगचे गव्हर्नर झाले.

१८५० मध्ये पेरूकडे निघालेल्या ‘लेडी माँटेग्यू’ जहाजावरील निम्म्याहून अधिक प्रवासी वाटेतच मृत्यू पावले. मार्च १८५२ मध्ये ‘रॉबर्ट बाउन’ या अमेरिकी जहाजावर कप्तानाने स्वच्छतेच्या नावाखाली प्रवाशांच्या वेण्या कापविल्या आणि त्यांना डेकवर थंड पाण्याने घासून धुण्याचा हुकूम दिला. त्यानंतर झालेल्या उठावात कप्तान मारला गेला. छिंग राजवटीत वेणी ही प्रजाजनाच्या निष्ठेची खूण होती. ती गमावलेल्या माणसास मायदेशी परतणेही धोक्याचे होते. एका बाजूचे आरोग्यरक्षण दुसऱ्या बाजूस मानखंडना कसे वाटू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये दलालांच्या अत्याचारांविरुद्ध अमॉयमध्ये दंगल उसळली. या घटनांच्या मालिकेतून कायद्याची निकड निर्माण झाली.

कायद्यातील तरतुदी

हाँगकाँगहून निघणाऱ्या कोणत्याही देशाच्या जहाजास आणि चिनी बंदरांतून निघणाऱ्या ब्रिटिश जहाजास हा कायदा लागू होता. त्यासाठी जहाजावर वीसपेक्षा अधिक आशियाई प्रवासी असणे आणि प्रवास सात दिवसांहून मोठा असणे आवश्यक होते. प्रत्येक प्रौढ प्रवाशास १२ चौरस फूट आणि ७२ घनफूट जागा देणे बंधनकारक होते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि सहा फूट उंच अशी ही जागा होय. म्हणजे माणसाला आडवे होता येईल एवढीच. त्याखेरीज वैद्य, औषधे, दुभाषी, अन्नपाणी आणि वायुवीजन यांविषयीही नियम होते. शरीराने वा मनाने प्रवासास अपात्र असलेल्या व्यक्तीस जहाजावर घ्यावयाचे नव्हते. स्थलांतर अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशिवाय जहाजास निघता येत नसे.

या तरतुदींमध्ये एक तरतूद वेगळ्या स्वरूपाची होती. आपण कोठे चाललो आहोत आणि कोणता करार केला आहे, हे प्रवाशांना समजले असल्याची खात्री अधिकाऱ्याने करून घ्यावयाची होती. जागा फुटपट्टीने मोजता येते, पिण्याच्या पाण्याचे पिंपही मोजता येते. संमती मात्र मोजता येत नाही. दलालाच्या धाकाखाली असलेल्या, आगाऊ रक्कम घेतलेल्या आणि जहाजावर आधीच चढविलेल्या माणसाने दुभाष्यामार्फत दिलेला होकार कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न कायद्याने अनुत्तरित ठेवला.

तपासणी झालेले जहाज

त्याचे परिणाम लवकरच दिसून आले. १८५६ मध्ये, म्हणजे कायदा झाल्यानंतर, ‘ड्यूक ऑफ पोर्टलँड’ हे ब्रिटिश जहाज ३३२ प्रवाशांसह हाँगकाँगहून हवानास निघाले. त्यांपैकी १२८ प्रवासी वाटेत दगावले. त्याच काळातील ‘जॉन कॅल्विन’ जहाजावरही मोठी प्राणहानी झाली. कागदोपत्री पाहता ही जहाजे कायद्याच्या कक्षेतील होती. हवानापर्यंतचा प्रवास साधारणतः चार महिन्यांचा असे. आमांश व ताप यांच्या जोडीला आत्महत्याही घडत. उठावाच्या भीतीने प्रवाशांना डेकखाली कोंडून ठेवल्यास वायुवीजनाचा नियम आपोआप निरर्थक ठरे. जेथे प्रवासी हाच कैदी असतो, तेथे सुरक्षेची व्यवस्थाच रोगाचे कारण बनते.

कॅन्टनचा प्रयोग

याउलट चित्र ब्रिटिश गयानाच्या संदर्भात आढळते. १८५२ मध्ये निघालेल्या ‘लॉर्ड एल्गिन’ जहाजावर १५४ प्रवासी चढले. १८५३ च्या जानेवारीत त्यांतील केवळ ८५ उतरले. पुढे १८५९ मध्ये जे. जी. ऑस्टिन यांनी कॅन्टन येथे स्थलांतर केंद्र सुरू केले. त्या वेळी शहर अँग्लो-फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होते. तथापि केंद्राच्या कारभारात चिनी अधिकाऱ्यांनाही स्थान होते. केंद्राचे दार उघडे असे, करार वाचून दाखविला जाई, सही करण्यापूर्वी परत जाण्याची मुभा असे आणि कुटुंबासह जाण्यास उत्तेजन दिले जाई. या केंद्रामार्फत गेलेले ‘व्हर्लविंड’ जहाज मार्च १८६० मध्ये ३७१ प्रवाशांसह गयानास पोहोचले. वाटेतील जीवितहानी नगण्य होती. जहाजाचा वेग आणि अनुकूल हंगाम यांचाही यात वाटा होता, हे मान्य करावयास हवे. तरीही प्रवाशांची निवड व संमती जहाजावर नव्हे, तर जमिनीवर आणि सर्वांसमक्ष झाली होती, हा फरक महत्त्वाचा ठरतो.

कायद्याबाहेरचे बंदर

कायद्याची दुसरी मर्यादा भौगोलिक होती. हाँगकाँगमध्ये निर्बंध कडक होताच क्यूबा आणि पेरूचा व्यापार पोर्तुगीजांच्या मकाव बंदरात केंद्रित झाला. १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिपत्याखाली असलेले हे बंदर हाँगकाँगपासून काही तासांच्या अंतरावर होते. मकावहून निघालेले ‘फ्लोरा टेंपल’ हे अमेरिकी जहाज १८५९ मध्ये खडकावर आदळले. खलाशी होड्यांतून निसटले. ८५० चिनी प्रवासी बुडाले. १८७१ मध्ये ‘डॉन हुआन’ जहाजास आग लागली, तेव्हा डेकवरील झडपा बंद असल्याने पाचशेहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. १८७२ मध्ये ‘मारिया लूझ’ या पेरूच्या जहाजावरील सुमारे २३० मजुरांना योकोहामा येथे जपानी अधिकाऱ्यांनी मुक्त केले. अखेर १८७४ मध्ये मकावमधील हा व्यापार बंद झाला. त्याच वर्षी छन लानबिन यांच्या चिनी आयोगाने क्यूबात १,१७६ मजुरांच्या जबान्या घेतल्या. दहांपैकी आठ-नऊ जणांना इच्छेविरुद्ध आणले गेले होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

समारोप

चिनी प्रवासी अधिनियम निरुपयोगी होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जहाजावरील प्रवाशाच्या जिवाची जबाबदारी राज्यसंस्थेवर आहे, हे तत्त्व आशियाई प्रवाशांच्या बाबतीत त्याने मान्य केले. मात्र त्याने आरोग्य हा जागेचा आणि साहित्याचा प्रश्न मानला. वस्तुतः तो स्वातंत्र्याचाही प्रश्न होता. वसाहतकालीन आरोग्यविषयक कायद्यांचा अभ्यास करताना नियमांची यादी आणि मृत्यूंचे आकडे यांवर आपण समाधान मानू नये. प्रवाशाला कोणी विचारले, कोठे विचारले आणि नकार देणे त्याला शक्य होते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक दस्तऐवजास विचारावयास हवेत. बारा चौरस फुटांचा हिशोब दप्तरात जपला गेला. मजुराची स्वतःची साक्ष विस्तृत प्रमाणावर नोंदली जाण्यास मात्र १८७४ साल उजाडावे लागले.