ठोका कुणाचा?



कामगाराच्या इतिहासात भोंग्याला स्थान आहे. पण भोंगा ज्या घड्याळावर वाजतो त्याचा विचार आपण क्वचितच करतो. 1906 साली सरकारने हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी तिला विरोध केला. प्रमाण घड्याळ कुणाचे, हा त्यांचा प्रश्न होता.

इलेक्ट्रॉनिक यंत्राची जुळणी करणाऱ्यापुढेही हाच प्रश्न येतो. यंत्रातील प्रत्येक भागाने एकाच ठोक्यावर पाऊल टाकावे लागते. मग तो ठोका घ्यायचा कुठून?

1916 साली हेन्री वॉरन यांनी बोस्टनच्या वीजकेंद्रात एक घड्याळ बसविले. त्याचा एक काटा लंबकावर चाले, दुसरा विजेवर. दोन्ही काटे जुळते ठेवणे हे केंद्रातील कामगाराचे काम. शहरातील विजेची घड्याळे त्या माणसाच्या दक्षतेवर चालू लागली. मात्र वीज गेली की घड्याळ थांबे.

1880 साली क्यूरी बंधूंनी दाखविले होते, की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला असता त्यात वीज उत्पन्न होते. या गुणाचा उपयोग करून 1927 साली मॅरिसन व हॉर्टन यांनी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत स्फटिकाचे घड्याळ बनविले. मनगटी घड्याळातील स्फटिक आज सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. पुढे 1955 साली इंग्लंडात एसेन व पॅरी यांनी सीझियमचे घड्याळ सिद्ध केले, आणि 1967 पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमवरून होऊ लागली.

मग सर्वत्र सीझियमच का वापरीत नाहीत? कारण निवड उत्तमाची नसते, सोसवेल अशा चुकीची असते. रोधक आणि धारित्र यांच्या जोडीचा स्वस्त ठोका एक टक्का चुकला, तरी लुकलुकणाऱ्या दिव्याचे काही बिघडत नाही. तोच हजेरीच्या यंत्रात बसविला आणि एक टक्का मंद निघाला, तर आठ तासांची पाळी सुमारे पाच मिनिटांनी लांबते. दशलक्षात वीस भाग चुकणारा स्फटिक त्याच पाळीत एक सेकंदही चुकत नाही. परंतु तोही साधारण 25 अंशांसाठी घडविलेला असतो. तापलेल्या खात्यात तो मागे पडतो.

म्हणून ठोका निवडणाऱ्याने किंमत जरूर पाहावी. पण होणारी चूक कुणाच्या पदरात पडणार आहे, हे आधी पाहावे. आणि ज्याच्या पदरात ती पडते, त्याने ते विचारण्यास संकोचू नये.