पडद्यावरचा कीचक

मंडळी, हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ 1929 चा. चार्ल्स बेनेटच्या नाटकावरून काढलेला. त्यात खून होतो तो पलंगाच्या पडद्याआड. आपल्याला दिसतो फक्त पाव कापायची सुरी चाचपणारा हात. पण नाटकातला खून पडद्यावर किती दाखवायचा, हा प्रश्न आपल्याकडे त्याच्या नऊ वर्षं आधीच आला होता.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं 1907 साली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही नाही! 1910 मध्ये बंदी आली. (आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, ही बंदी इंग्रजांची.) धोका होता तो संवादांत. द्रौपदीच्या विटंबनेवर भीम काय बोलतो आणि युधिष्ठिर त्याला कसा आवरतो, यात जहाल-मवाळांचं अख्खं भांडण होतं.

1920 मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तीच कथा ‘सैरंध्री’ म्हणून पडद्यावर आणली. आता गंमत बघा, हा मूकपट. मधल्या पाट्या सोडल्या तर बोलणं संपलंच. उरलं काय? भीमाचे हात आणि कीचकाची मान. ते इतकं खरं वाटलं की सेन्सॉरने वधाचं दृश्यच कापायला लावलं.

माझ्या मते हा निव्वळ हिंसेचा प्रश्न नव्हता. दहा वर्षांपूर्वी ऐकलेले संवाद लोक त्या दृश्यात मनातल्या मनात भरणार, ही भीती असावी. टिळकांनी मात्र पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.