फोक्सवॅगन बीटलच्या वायुशीतित इंजिनाची पुनर्बांधणी

फोक्सवॅगन बीटल या जर्मन मोटारीचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन संपूर्ण सुटे करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणे हे काम हौशी मोटारप्रेमी अनेक दशकांपासून घरच्या गॅरेजमध्ये करत आले आहेत. इंजिनाचे वजन सुमारे ११० किलोग्रॅम असून ते मोटारीच्या मागील बाजूस गिअरबॉक्सला केवळ चार बोल्टांनी जोडलेले असते. त्यामुळे गाडी जॅकवर उचलून दोन व्यक्तींना ते खालून बाहेर काढता येते. पुनर्बांधणीच्या वेळीच इंजिनाची घनक्षमता व शक्ती वाढविण्याची प्रथाही रूढ आहे. मात्र या इंजिनात पाण्याचा रेडिएटर नसल्याने प्रत्येक सुधारणेची मर्यादा अखेरीस उष्णतेच्या निचऱ्यावर ठरते.

रचना

या इंजिनाचा मूळ आराखडा फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयातील अभियंता फ्रान्झ क्साव्हर राइमश्पीस यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास तयार केला. चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर आडवे असतात. प्रारंभी ९८५ घ.सेंमी. असलेली क्षमता पुढे ११३१, ११९२, १२८५, १४९३ आणि अखेरीस १५८४ घ.सेंमी. अशी वाढत गेली. ११३१ घ.सेंमी.चे इंजिन २५ अश्वशक्ती देत असे, तर १९७० पासून बीटलमध्ये बसविलेले १५८४ घ.सेंमी.चे इंजिन ५० अश्वशक्ती देई. हेच इंजिन फेरफार करून कारमान घिया, फोक्सवॅगनची व्हॅन, फॉर्म्युला व्ही या शर्यतींच्या गाड्या आणि घरी बांधलेल्या काही हलक्या विमानांतही वापरले गेले.

इंजिनाचे मुख्य कवच, म्हणजे क्रँककेस, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असून ते उभ्या रेषेत दोन अर्ध्या भागांत उघडते. या दोन अर्धकांच्या मध्ये क्रँकशाफ्ट आणि त्याखाली कॅमशाफ्ट धरलेला असतो. चारही सिलिंडर स्वतंत्र ओतीव नळ्यांच्या रूपात असतात व त्यांच्याभोवती उष्णता सोडणारे पंख असतात. एखादा सिलिंडर खराब झाल्यास संपूर्ण इंजिन टाकून द्यावे लागत नाही, हा या रचनेचा मोठा लाभ होय.

शीतकरण आणि तिसरा सिलिंडर

इंजिनावरील मोठा पंखा जनित्राच्या दांड्यावर बसविलेला असतो आणि जनित्र रबरी पट्ट्याने फिरते. पट्टा तुटला की शीतकरण तत्काळ थांबते, म्हणून चालत्या गाडीत लाल दिवा लागल्यास गाडी थांबविणे अनिवार्य ठरते. पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडली जाते. इंजिनाच्या कडेचे पत्रे आणि रबरी पट्ट्या वरच्या थंड हवेला खालच्या तापलेल्या हवेपासून वेगळे ठेवतात. पुनर्बांधणी करताना हे पत्रे किरकोळ समजून गाळणे, किंवा थर्मोस्टॅट व त्याच्या झडपा काढून टाकणे, ही चूक वारंवार आढळते. थर्मोस्टॅटमुळे इंजिन लवकर तापते व थंड अवस्थेतील झीज कमी होते. त्याच्या झडपा पूर्ण उघडल्यावर हवा दोन्ही बाजूंना योग्य दिशेने वळवितात. त्या नसल्यास हवा वाटेल तशी जाते.

जुन्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरच्या वर उभा असे. त्यामुळे या सिलिंडरला अडवलेली आणि आधीच तापलेली हवा मिळे व तेथील एक्झॉस्ट झडप तुटण्याचे प्रमाण अधिक असे. काही वितरकांत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) याच कारणासाठी तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी इतरांपेक्षा किंचित उशिरा पडेल अशी योजना केलेली होती. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर आवरणाबाहेरच्या वेगळ्या कप्प्यात हलविण्यात आला. जुन्या इंजिनाची पुनर्बांधणी करताना ही नंतरची रचना बसविणे हा अश्वशक्ती न वाढविणारा, पण आयुर्मानाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त बदल मानता येईल.

सुटे करण्यापूर्वीची व नंतरची तपासणी

इंजिन उघडण्यापूर्वीच एक साधी चाचणी घेतली जाते. क्रँकशाफ्टच्या टोकाची पुली हाताने धरून आत-बाहेर ढकलली असता ती ठळकपणे हलल्यास मुख्य बेअरिंगभोवतीचे कवच ठोकले गेल्याचा संशय येतो. ही आडवी हालचाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असणे अपेक्षित असते व ती फ्लायव्हीलजवळच्या तीन पातळ वॉशरांनी नियंत्रित केली जाते. वॉशरांची संख्या नेहमी तीनच असते. फरक त्यांच्या जाडीत केला जातो. जाड वॉशर घालून हालचाल कमी करता येते, परंतु कवचाची झीज त्याने भरून निघत नाही.

फ्लायव्हील क्रँकशाफ्टला एकाच मोठ्या मध्यवर्ती नटाने घट्ट केलेले असते. या ३६ मिलिमीटरच्या नटासाठी सुमारे ३४० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. घरच्या कामात पान्ह्याच्या दांड्याला लांब पाइप जोडून तो सैल केला जातो आणि अननुभवी माणसाला इजा होण्याची शक्यता येथेच अधिक असते.

मॅग्नेशियम मऊ असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने बेअरिंगची छिद्रे वाटोळी राहत नाहीत. अशा वेळी कवचाची दोन अर्धके जोडून सर्व छिद्रे एका रेषेत पुन्हा कापून घ्यावी लागतात आणि बाहेरून मोठी बेअरिंगे वापरावी लागतात. हे काम, क्रँकशाफ्ट घासून घेणे आणि झडपांची आसने बदलणे ही तिन्ही कामे घरी होत नाहीत, ती मशीन शॉपकडेच द्यावी लागतात. प्रत्येक कापणीबरोबर धातू कमी होत असल्याने एकच कवच अमर्याद वेळा दुरुस्त करता येत नाही. सिलिंडर हेड धरणाऱ्या स्टडांचे आटे कवचातून उपटले गेले असतील, तर त्या जागी पोलादी आटेदार बुश बसवितात.

तेलाच्या आतील वाटांची स्वच्छता हे दुर्लक्षित, पण निर्णायक काम आहे. कवचातील वाटा बंद करणारी धातूची बुचे काढून त्या ब्रशने साफ केल्या नाहीत, तर मशीन शॉपमधून आलेली धातूची पूड थेट नव्या बेअरिंगांत जाते. मूळ इंजिनात तेलाचे फिल्टर नाही, केवळ जाळी आहे, म्हणून ही पूड बाहेर पडण्याचा मार्गही नसतो. मॅग्नेशियमची बारीक पूड पेट घेते आणि तिच्यावर पाणी मारल्यास आग भडकते. त्यामुळे कवचावर ग्राइंडर चालविताना कोरडी वाळू जवळ ठेवणे आवश्यक ठरते.

जुळणी

कॅमशाफ्टच्या दंतचक्रावरील एक ठिपका क्रँकशाफ्टच्या दंतचक्रावरील दोन ठिपक्यांच्या मध्ये येईल अशा स्थितीत दोन्ही शाफ्ट बसविले जातात. मुख्य बेअरिंगांतील खाचा कवचातील पिनांवर अचूक बसल्या नाहीत, तर कवच आवळताना बेअरिंग चिरडते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहण्याचा नियम पाळला जातो. तो अडखळल्यास पुढचा नट आवळायचा नसतो. दोन अर्धकांच्या सांध्यात गॅस्केट नसते, केवळ सीलंटचा अतिशय पातळ थर दिला जातो. सहा मोठ्या स्टडांवरील नट ३४ न्यूटन-मीटर, तर कडेचे लहान नट सुमारे २० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळतात. पिस्टनच्या माथ्यावरील बाण फ्लायव्हीलच्या दिशेला ठेवतात. पुशरॉडच्या नळ्या किंचित ताणून, त्यांचा सांधा वरच्या बाजूस ठेवून बसवितात, कारण खालच्या बाजूचा सांधा गळू लागतो.

झडपांची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर ठेवली जाते. एखाद्या एक्झॉस्ट झडपेची फट वारंवार कमी होत असेल, तर झडप लांबत आहे किंवा तिचे आसन खचत आहे असे समजावे. असे इंजिन पुढे चालविल्यास झडपेचे डोके तुटून पिस्टनवर पडते.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ठिणगी बंद ठेवून तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवितात. कॅमशाफ्ट नवा असल्यास इंजिन सुरू होताच ते रेंगाळू न देता सुमारे २० मिनिटे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालविले जाते. तसे न केल्यास कॅमचे उंचवटे तेलाअभावी पहिल्याच दिवशी झिजतात. जुन्या रबरी पेट्रोलनळ्या याच वेळी बदलणे इष्ट असते, कारण इंजिनावर गळणारे पेट्रोल हे बीटलला आग लागण्याचे प्रमुख कारण आहे.

क्षमतावाढ

८५.५ मिलिमीटरच्या मूळ सिलिंडरांऐवजी ८७ मिलिमीटरचे सिलिंडर कवच न कापता बसतात व क्षमता १,६४१ घ.सेंमी. होते. ८८ मिलिमीटरचे सिलिंडरही त्याच छिद्रात जातात. परंतु त्यांची भिंत इतकी पातळ असते की उष्णतेने आकार बिघडतो, त्यामुळे जाणकार ते टाळतात. कवच व हेड कापून ९०.५ मिलिमीटरचे सिलिंडर घातल्यास सुमारे १,७७६ घ.सेंमी. क्षमता मिळते. ९२ मिलिमीटरचे सिलिंडर याच मापाच्या छिद्रात बसत असल्याने त्यांची भिंत पुन्हा पातळ होते. ९४ मिलिमीटरसाठी (१,९१५ घ.सेंमी.) छिद्र आणखी मोठे करावे लागते. रोजच्या वापरासाठी जाड भिंतीचा ९०.५ मिलिमीटरचा पर्याय अधिक भरवशाचा ठरला आहे.

क्षमता वाढविताना संपीडन गुणोत्तर आपोआप वाढते, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. ज्वलनकक्ष ५० घ.सेंमी.चा आणि पिस्टनच्या माथ्यापासून सिलिंडरच्या काठापर्यंतचे अंतर १.५ मिलिमीटर धरल्यास १५८४ घ.सेंमी.च्या इंजिनाचे गुणोत्तर सुमारे ७.८ येते. तेच हेड व तेच अंतर ठेवून १,७७६ घ.सेंमी.चे सिलिंडर लावले, तर ते ८.४ होते. गुणोत्तर पूर्वीइतके ठेवण्यासाठी ज्वलनकक्ष सुमारे ५६ घ.सेंमी. करावा लागतो. म्हणून ज्वलनकक्षाचे आकारमान ब्युरेटने द्रव सोडून मोजण्याचे काम घरच्या टेबलावरही केले जाते. गुणोत्तर फार वाढल्यास इंधन अवेळी पेटून हेड तापते आणि पंख्याची क्षमता तर मूळचीच राहिलेली असते.

मूळ क्रँकशाफ्टला प्रतिभार नसतात. इंजिन वेगाने फिरवायचे असल्यास प्रतिभारयुक्त क्रँकशाफ्ट बसविला जातो, अन्यथा मधले बेअरिंग कवचावर आदळत राहते. पूर्ण प्रवाहाचे तेल फिल्टर जोडणे, दोन कार्ब्युरेटर आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन हेही प्रचलित बदल आहेत. यांपैकी फिल्टर सर्वांत स्वस्त असून सर्वाधिक फायदा त्याचाच होतो.

साहित्य आणि सुटे भाग

घरगुती दुरुस्तीच्या प्रसारात अमेरिकी अभियंता जॉन म्यूर यांच्या १९६९ मधील ‘हाउ टु कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’ या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. यंत्राशी अपरिचित वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या या पुस्तकातील चित्रे पीटर ॲशवँडन यांची आहेत.

बीटलचे उत्पादन मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी थांबले. तोपर्यंत २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. ब्राझीलमध्ये याच इंजिनाची व्हॅन २००५ च्या अखेरपर्यंत बनत होती. त्यामुळे सुटे भाग अद्याप मिळतात आणि नवी ॲल्युमिनियमची कवचेही बाजारात आहेत. ही कवचे अधिक मजबूत, पण जड असतात. नवे कवच घेतल्यास इंजिनावरील मूळ क्रमांक मात्र जातो. जर्मनीत किमान ३० वर्षे जुन्या आणि बहुतांशी मूळ स्वरूपातील गाड्यांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची स्वतंत्र नोंदणी दिली जाते. त्यामुळे अनेक मालक मोठे इंजिन वेगळे बांधतात आणि मूळ क्रमांकाचे इंजिन तेल लावून, झाकून, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात.