सोनखताची गोष्ट

प्रकाशाला आपण दक्षिण काशी म्हणतो. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, घाट. १९५५ साली पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या. एवढ्या पिढ्या इथे नांदल्या. त्यांचा मैला कुठे गेला असेल? आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

जुन्या लोकांच्या तोंडी एक शब्द होता, सोनखत. म्हणजे मैल्याचं खत. पिकाला ते मानवायचं, पण ते उचलण्याचं काम ठरावीक जातींच्या माथी मारलं होतं. त्यांना पाणवठ्यावरही येऊ देत नसत.

इंदूर संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची नीट पद्धत बसवली. काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर लावायचे, ओल ठेवायची, ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार. ढीग आतून तापतो. ती धग बरेच दिवस टिकली तर रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतात. कच्चा मैला शेतात टाकला तर तीच अंडी भाजीवाटे लेकरांच्या पोटात जातात.

कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाचा प्रश्न हाती घेतला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी अन्न सोडलं. गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पांनी संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. कुणालाही किळस न येता, कुणालाही कमी न लेखता हे काम व्हावं, हा त्यांचा ध्यास होता.

साताऱ्याकडची वाईसुद्धा दक्षिण काशी म्हणवते. तिथे २०१८ पासून मैलागाळावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. टाकी तुंबायची वाट न बघता, शहराचे भाग पाडून दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या गाडीने उपसतात. गाळ आणि पाणी वेगळं करून दोन्हींवर प्रक्रिया होते. सिन्नरनेही हीच वाट धरली.

आणि आपल्याकडे? मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरची टाकी भरली. गाडीचे पैसे जास्त होतात म्हणून माणूस आत उतरवायचं चाललं होतं. आम्ही जाऊन थांबवलं. टाकीतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे. गटातून कर्ज दिलं, गाडी आली. पण तो गाळ कुठे रिकामा केला, हे विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. नाल्यात ओतला असेल, तर नाला शेवटी तापीलाच मिळतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही विचारणार आहोत: गाडी गाळ कुठे नेते? तालुक्याला प्रक्रियेची सोय कधी होणार? ओडिशात अशी केंद्रं महिला बचत गट चालवतात, मग आपल्याला का जमू नये?

तोवर, ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे, त्यांनी भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवावा. गाळ सुकून मातीसारखा झाला, वास गेला, की मगच काढावा आणि झाडांच्या मुळाशी घालावा. कच्च्या खायच्या भाजीला मात्र नको.


तुमच्या गावातली गाडी कुठे रिकामी होते, ते पुढच्या बैठकीत आम्हाला जरूर सांगा.